'सेट हर साइट्स ऑन' लिहिताना 'साइट्स'चं स्पेलिंग कोणतं?

तुम्ही विचारलंय की 'शी हॅज सेट हर साइट्स ऑन अ बिगर गोल' या वाक्यात 'साइट्स'चं स्पेलिंग वेबसाइटमधल्या साइटसारखं करायचं का, आणि शेवटचा एस गाळला तर चालेल का.

स्पेलिंग एस-आय-जी-एच-टी-एस. शेवटचा एस ठेवायचाच. मी इंग्रजी मजकूर तपासतो आणि उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातूनही ही चूक होताना पाहतो. दोन्ही शब्दांचा उच्चार तंतोतंत सारखा, त्यात स्पेलचेकरला दोन्ही स्पेलिंगं बरोबरच दिसतात.

हा वाक्प्रचार नेमबाजीतून आलाय. बंदुकीच्या नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरण्यासाठीचा छोटा उंचवटा असतो, आणि डोळ्याच्या बाजूला खाच. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम धरला गेला. या जोडीला साइट्स म्हणतात, म्हणून अनेकवचन. मग 'सेट' कशाला? गोळी जसजशी पुढे जाते तसतशी खाली येते, त्यामुळे लांबचं टिपायचं तर नळीचं तोंड किंचित वर हवं. त्यासाठी अनेक जुन्या रायफलींवर मागची खाच अंतराप्रमाणे वर सरकवता येई. म्हणूनच मोठं ध्येय ठेवणं म्हणजे 'सेट युवर साइट्स हायर', आणि अपेक्षा कमी करणं म्हणजे 'लोअर युवर साइट्स'. ही सरकणारी खाच कळल्यापासून मला स्पेलिंगची शंका कधी आली नाही.

पुढे 'ऑन'च येतं, 'टू' किंवा 'फॉर' नाही. त्यानंतर नाम, नाहीतर आयएनजी लावलेलं क्रियापद: 'ऑन बिकमिंग अ पायलट'. 'सेट हर साइट्स टू बिकम' चुकीचं. 'सेट आइज ऑन' हा निराळाच प्रयोग आहे, तिथे फक्त दृष्टीस पडणं एवढाच अर्थ.

मराठीत आणताना जपा. 'डोळा ठेवणं' म्हटलं की हाव दिसते, 'नजर ठेवणं' म्हटलं की संशय. इंग्रजी प्रयोगात यातलं काहीच नाही. 'तिनं आता अमुक गाठायचं ठरवलंय' हे मला सर्वांत जवळचं वाटतं.

तुमच्या वाक्याचं व्याकरण बरोबर आहे. तरी मी 'अ बिगर गोल' काढून तिथे ते ध्येयच लिहीन, कारण इतकं नेमकं क्रियापद वापरून पुढे मोघम शब्द ठेवला की वाक्य ढिलं पडतं: 'शी हॅज सेट हर साइट्स ऑन द नॅशनल टीम'.