फोर्डच्या फॉक्स बॉडी (जुन्या पिढीच्या) मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनला टर्बो लावून ८०० हॉर्सपॉवर, स्टॉक (कंपनीचा मूळ) ब्लॉक चालेल का?

नाही चालणार भाऊ. ३०२ चा (म्हणजे याच ५.० चा, ३०२ घनइंच) स्टॉक ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपासच भरवशाचा, त्यापुढे लिफ्टर व्हॅलीतून (ब्लॉकच्या वरच्या मधल्या खोलगट भागातून), कॅमशाफ्टच्या बोअरपासून क्रँकशाफ्ट धरणाऱ्या मेन वेबपर्यंत, उभा चिरतो आणि दोन तुकडे होतात. लोक मेन गर्डल (खालच्या मेन कॅप एकत्र बांधणारी पट्टी) लावतात पण वरचं कास्टिंगच पातळ, मग खाली कितीही आवळा काय उपयोग!

सरळ डार्ट कंपनीचा एसएचपी ब्लॉक घे, कास्ट आयर्न, मधल्या मेन कॅप (क्रँकशाफ्ट खालून धरणाऱ्या) चार बोल्टच्या, वजन वाढतं ते वाढू दे. बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र शेवटच्या मापापर्यंत नेऊ नकोस, बूस्टला (टर्बोच्या दाबाला) जाड सिलिंडर वॉल हवी. फोर्डच्याच मोठ्या ३५१ विंडसर इंजिनचा स्टॉक ब्लॉक ३०२ पेक्षा जास्त दणकट आहे, पण डेक (ब्लॉकची उंची) ९.५ इंच (३०२ चा ८.२), म्हणजे इनटेक वेगळा, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) वेगळे आणि बॉनेटखाली मारामारी. जुना ब्लॉक घेतलास तर आधी सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी सिलिंडर वॉलची जाडी मोजणं) कर.