एकाच रोलचे फोटो, स्कॅनमध्ये प्रत्येकाचा रंग वेगळा का?

प्रश्न: जुने कलर निगेटिव्ह ऑटो एक्स्पोजर लावून स्कॅन करतोय. एकाच संध्याकाळचे लागोपाठचे फोटो, पण एक ठीक येतो, दुसरा काळपट, आणि सूर्यास्ताची तर लालीच गेली. स्कॅनर बिघडलाय का?

उत्तर: स्कॅनर ठणठणीत आहे हो, घोळ त्या 'ऑटो'चा आहे, कारण त्याच्या आड दोन वेगळी कामं चालतात.

पहिलं काम खरं एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरने प्रकाश किती वेळ घ्यायचा ते. सॉफ्टवेअर आधी कमी रिझोल्यूशनचा प्रिव्ह्यू घेतं, त्यावरून लाल, हिरवा, निळा तिन्हींचा हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ, त्याचा आलेख) काढतं आणि सगळ्यात उजळ भाग जेमतेम क्लिप होणार नाही, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होणार नाही, एवढा वेळ ठरवतं. निगेटिव्हमध्ये सगळ्यात उजळ म्हणजे कोरा नारिंगी बेस, आणि तो निळा प्रकाश अडवतो म्हणून चांगले फिल्म स्कॅनर निळ्याला जास्त वेळ देतात. (बऱ्याच साध्या फ्लॅटबेडमध्ये, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायच्या सपाट स्कॅनरमध्ये, ही सोयच नसते.)

दुसरं काम स्कॅन झाल्यावरचं. इमेज उलटवली, म्हणजे निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं, की टोकाचे थोडे पिक्सेल सोडून काळा आणि पांढरा पॉइंट (सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ काय धरायचं ते) ठरतो आणि प्रत्येक चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा, वेगवेगळा ताणला जातो. आता सूर्यास्तात निळा मुळातच कमी, सॉफ्टवेअरला वाटतं रंग उतरलाय, ते निळा ओढून वर आणतं, की गेली लाली!

काळपट फोटोचा क्रॉप बघा, होल्डरची काळी कड आत आली असणार. उलटवल्यावर ती कड शुभ्र पांढरी होते, पांढरा पॉइंट तिथेच जाऊन बसतो आणि बिचारा फोटो खाली दबतो. फिल्मच्या कडेची भोकं आत आली तरी घोटाळाच, कारण तिथून थेट दिव्याचा उजेड येतो, मग एक्स्पोजरच कमी धरलं जातं.

तेव्हा क्रॉप फ्रेमच्या थोडा आतच ठेवा. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर प्रिव्ह्यू घेऊन एक्स्पोजर लॉक करा, व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यानंतर परत प्रिव्ह्यू घेऊन फिल्म बेसचा रंगही लॉक होतो, आणि तीच सेटिंग पूर्ण रोलला वापरा. पण एवढ्याने दुसरं काम थांबत नाही, ऑटो लेव्हल्स किंवा ऑटो कलर वेगळं बंद करावं लागतं, लोक नेमकं तेच विसरतात. आउटपुट दर चॅनल १६ बिट (म्हणजे रंगाच्या जास्त बारीक छटा) ठेवा, रंग नंतर हाताने लावताना बरंच हातात राहतं.

स्लाइडला (थेट पॉझिटिव्ह चित्र असलेल्या फिल्मला) मात्र हे लॉकचं प्रकरण नको, तिथे नारिंगी बेस नसतो, चित्रातला उजळ भागच एक्स्पोजर ठरवतो.