घर की संस्था? आधी रात्रीचा हिशोब मांडा

प्रश्न : वडील 84 वर्षांचे, आई 81. दोघं बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या जुन्या घरात असतात, मी पुण्यात. वडिलांना पार्किन्सन आहे. शुश्रूषेची माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोचा 24 तासांचा माणूस 26,000, स्वयंपाकाच्या बाई 6,000, भांडी-कचरा 3,000. म्हणजे घरी महिन्याला 35,000. शहराबाहेरची वृद्धांना सांभाळणारी एक संस्था दोघांचे 58,000 सांगते, शिवाय 5 लाख अनामत. घरच स्वस्त पडतं ना?

उत्तर : तुमच्या दोन आकड्यांत एकच गोष्ट मोजलेली नाही. संस्थेच्या 58,000मध्ये जेवण, वीज, साफसफाई आली. तुमच्या 35,000मध्ये आईवडिलांचं वाणसामानसुद्धा नाही. दूध, भाजी, किराणा, गॅस, वीज मिळून 14,000 धरू. ब्यूरोचा माणूस घरीच जेवतो, त्याचे 3,000. त्याच्या महिन्याच्या 4 सुट्या पगारी असतील तर बदली माणसाला रोजचे 900 प्रमाणे 3,600. डायपर दिवसाला 4, नग 35 रुपये, म्हणजे 4,200. पार्किन्सनमध्ये फिजिओथेरपी चुकवून चालत नाही; आठवड्यातून दोनदा, 500 रुपये फेरी, म्हणजे 4,000. बेरीज 63,800.

आता संस्था. डायपर आणि फिजिओथेरपी बहुतेक ठिकाणी वेगळी लावतात, ते 8,200. अनामतीचे 5 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 41,000 मिळाले असते, म्हणजे महिन्याला सुमारे 3,400 गेले. बंद घराचा कर, विजेचा स्थिर आकार, महिन्यातून एकदा झाडलोट यांचे 2,500. एकूण 72,100. 23,000 वाटणारा फरक 8,300वर आला.

खरा फटका रात्री बसतो. 24 तासांचा माणूस म्हणजे रात्री झोपणारा माणूस. वडील दोन-तीनदा उठू लागले की तो आठवड्याभरात थकतो, दिवसा पेंगतो, आणि महिन्याभरात ब्यूरो नवा माणूस पाठवतो. सारखी माणसं बदलण्यामागे फार वेळा हेच कारण असतं, पण दोष त्या माणसावर जातो. अशा वेळी 12-12 तासांच्या दोन पाळ्या लागतात. ब्यूरोने पाळीचे 17,000 सांगितले तर 34,000, आणि सुट्यांचा खर्च तेवढाच धरला तरी घरचा आकडा 71,800 होतो. संस्थाही तेव्हा शुश्रूषेची श्रेणी वाढवते, म्हणून पुढच्या श्रेणीचा दर आजच लेखी घ्या. त्याच कागदावर दरवर्षीची वाढ किती टक्के, जीएसटी लागतो का, अनामतीतून दरमहा काही कापतात का, सोडल्यावर ती किती दिवसांत परत मिळते, आणि वडील इस्पितळात असताना खोलीचं भाडं चालू राहतं का, हेही लिहून घ्या. जीएसटीबद्दल एक माहिती असू द्या : आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय ट्रस्टचा वृद्धाश्रम 60 वर्षांवरच्या व्यक्तीकडून राहणं-जेवण-देखभाल धरून महिन्याला 25,000पर्यंत घेत असेल तर कर नाही. तुमचे 58,000 म्हणजे माणशी 29,000.

घरीच ठेवायचं ठरलं तर न्हाणीघर आणि संडासातल्या दांड्यांपासून सुरुवात करा. जुन्या चुन्याच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टा धरत नाही. अंगाचा भार पडला की स्क्रूसकट निघून येतो आणि माणूस पडतो. आरपार बोल्ट घालून भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी लावून घ्या. चाकांच्या खुर्चीसाठी ओट्याला उतार करायचा तर 1 ला 12 हे प्रमाण धरा : 15 सेंटिमीटरच्या पायरीला 180 सेंटिमीटर लांबी. गवंडी जागा वाचवायला 90वर भागवू पाहतील, पण त्या उतारावरून खुर्ची सुटते.

आमचं मत विचाराल तर, एका माणसाला वडिलांना पलंगावरून खुर्चीत बसवता येतंय तोवर घर. दोन माणसं लागू लागली की दुसरी व्यक्ती तुमची आई असते, आणि 81व्या वर्षी तिची कंबर हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही. त्याआधी संस्थेत दोघांना 15 दिवस राहून पाहू द्या.

प्रश्न : बडोद्याच्या कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो. पत्नीला मिनिटाला 2 लिटरवर ऑक्सिजन चालू असतो. 2024च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्री नदीच्या पुरानंतर संस्थेचा विचार मनात येतो. घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल?

उत्तर : हवेतून ऑक्सिजन काढणारं 5 लिटरचं यंत्र (कॉन्सन्ट्रेटर) साधारण 350 वॅट घेतं. 150 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी त्याला जेमतेम 3 तास देईल, जुनी असेल तर त्याहून कमी. पुरात वीज दिवसेंदिवस नसते. म्हणून बी-टाइप सिलिंडर ठेवा : त्यात सुमारे 1,500 लिटर, म्हणजे 2 लिटरच्या वेगाने 12 तासांहून थोडं जास्त. दोन भरलेले हवेत, रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधलेला. आजवा तलावातून पाणी सोडल्याची बातमी आली की वाट न पाहता वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हला. पाणी दारात आल्यावर सिलिंडर उचलवत नाही. संस्था पाहायला जाल तेव्हा जनरेटर कुठे बसवलाय ते स्वतः बघून या. तळघरात किंवा जमिनीलगत असेल तर तो तुमच्या बॅटरीच्या आधी बुडेल.

प्रश्न : मी 74 वर्षांची, एकटी. आयुष्मान वय वंदना कार्डातून संस्थेचं शुल्क मिळेल का? आणि जाण्याआधी घर मुलाच्या नावे करून टाकू का?

उत्तर : नाही मिळणार. हे कार्ड 70 वर्षांपुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. शुश्रूषेचा माणूस, डायपर, संस्थेचं शुल्क त्यात बसत नाही. कार्ड मात्र आधारवर आजच काढून घ्या, दाखल व्हायच्या दिवशी धावपळ नको. शुल्कासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा : 30 लाख ही मर्यादा, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500.

घराची घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदवलं की घर तुमचं उरत नाही, आणि ते विकून किंवा भाड्याने देऊन शुल्क भरण्याची वाटही बंद होते. द्यायचंच असेल तर मुलगा तुमच्या गरजा भागवील आणि सांभाळ करील, ही अट बक्षीसपत्रातच लिहा. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्या अटीवर उभं आहे. अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. आमचा कल मृत्युपत्राकडे. ते हयातीत कितीदाही बदलता येतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षीदारांपैकी एक तुमचे नेहमीचे डॉक्टर असले तर उत्तम. ज्याला घर द्यायचं त्या मुलाला मात्र साक्षीदार करू नका.