मुलगी पुण्याला शिकायला चालली आहे, आधी कराटे क्लास लावू का?

लावा की. तुमची लेक होस्टेलवर राहणार म्हणून काळजी वाटते, समजू शकते. मीही कॉलेजात असताना दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर केलं होतं. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या दिशेने हिसका मारायचा, पकड तिथेच कच्ची असते, हे अजून हाताला आठवतं.

पण शिबिरातला हल्लेखोर कायम अनोळखी आणि कायम मागून येणारा. मला त्रास दिला तो आमच्याच ग्रुपमधला सीनियर. नोट्स द्यायचा, उशीर झाला की गाडीवरून सोडायचा. सिग्नलला थांबला की हात मागे माझ्या गुडघ्यावर. मी काय केलं? हसले! कोपर मारता येत होतं, ‘हात काढ’ म्हणता येत नव्हतं. एवढी मदत करतो, त्याला वाईट वाटेल, ग्रुप काय म्हणेल... सगळा विचार त्याचाच. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

कॅनडात तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. तीन-तीन तासांची चार सत्रं. मारामारी त्यातला एक भाग. बाकी ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका ओळखणं, स्वतःची भीड मोडणं, आपल्याला काय हवं-नको ते ठरवणं. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, शिकलेल्या गटात ५.२. म्हणजे शून्य नाही. करणारा करतोच, दोष त्याचाच. म्हणून उद्या काही झालं तर ‘कराटे शिकवलं होतं ना?’ असं चुकूनही विचारू नका.

भीड मोडायची तालीम घरातच होते. पाहुण्या काकांच्या मांडीवर बसायला ती नको म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवून बघा. आमच्याकडे ‘असं करू नये, मोठे आहेत’ असं म्हणायचे.

प्रवेश झाला की कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत, कोण आहे ते तिला बघून ठेवायला सांगा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांनुसार ही समिती असायलाच हवी. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. आमच्या कॉलेजातही समिती होती म्हणे. मला ते मार्कशीट आणायला गेले तेव्हा कळलं, ऑफिसबाहेरच्या फलकावर.