आधी एक पावसाळा काढ

अगं, घर नव्याने करून घ्यायचा तुझा मेसेज वाचला, मॉड्युलर किचनचे सात फोटो पण बघितले. छानच आहेत. पण सहकारनगरचं तुमचं घर आजोबांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर बांधलेलं, त्याला हात लावायच्या आधी एक पावसाळा तिथे राहा आणि नुसतं बघ. ओल कुठे येते, गच्चीवरून उतरते की जोत्यातून वर चढते, कुठल्या खिडकीला झड लागते, सगळं तारखेसकट लिहून ठेव. आत्ता मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टरला घर दाखवलंस तर तो पुट्टी मारून रंग देऊन जाईल आणि जुलैत पोपडे तू झाडत बसशील.

हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायची म्हणतेस ना? त्या काळातले बरेचसे बंगले लोड बेअरिंग, म्हणजे कॉलम नाहीतच, स्लॅब थेट नऊ इंची विटांच्या भिंतींवर. टेप लाव, प्लास्टर धरून दहा-अकरा इंच भरली तर विषय सोडून दे, पण साडेचार इंची निघाली म्हणून लगेच घण घालू नकोस, वर माळ्याचं नाहीतर वरच्या भिंतीचं वजन आहे का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला बघू दे. मी माझ्या घरात गवंड्याच्या 'काय होत नाय साहेब'वर विसंबून दार रुंद करून घेतलं, तिसऱ्या दिवशी स्लॅबला केसाएवढी चीर, मग धावपळ करून प्रॉप, म्हणजे टेकू लावले, लोखंडी गर्डर टाकला, खर्च दुप्पट आणि तुझी काकू अजून ऐकवते. शिवाय तू घरून काम करतेस, ओपन किचनमध्ये मिरचीची फोडणी पडली की कॉलवर ठसका लागेल, ते वेगळंच.

पैसे आधी न दिसणाऱ्या गोष्टींना. वायरिंग पूर्ण नवीन, अर्थिंगसकट, गिझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. गंजलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप काढून टाक. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवायच्या आधी जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेव आणि खालचं छत बघ, मिस्त्री कुरकुर करेल, करू दे. सिंकखालच्या कपाटाला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायच, तिथे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) फुगतं.

मोझॅक फरशी मात्र उखडू नकोस गं! घासून पॉलिश केली की आरशासारखी होते, वरून व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्यास तर सागवानी दारं खालून कापावी लागतील. आजीच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी धरायला हँडल हवं आणि दाराला उंबरा नको, एवढं आत्ताच करून घे, त्याला पावसाळ्याची वाट बघायची गरज नाही. ओट्याची उंची आईला उभं करून ठरव, कोपरापासून चार-सहा इंच खाली.

आणि आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घराची निळी ब्लूप्रिंट आहे का बघ, सापडली तर फोटो पाठव, मग भिंतीचं बोलू.

काका