वाचक विचारतात : देवबाग ते निवती, स्वतंत्र होडी करून

मालवण-देवबागला जाऊन अख्खी होडी ठरवण्याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. डॉल्फिन, पक्षी आणि मध्ये एक-दोन ठिकाणी पोहणं, असा बहुतेकांचा बेत आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबं, आठ मोठी माणसं आणि तीन मुलं. डिसेंबरमध्ये देवबागहून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 अशी होडी घ्यायचा विचार आहे. डॉल्फिन बघायचे, निवतीला पोहायचं आणि परतताना कर्ली नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या बेटावर, म्हणजे त्सुनामी आयलंडवर, थांबायचं. वेळ पुरेल का? (पुणे)

वेळ पुरून उरेल, पण तुम्ही निवडलेली वेळ चुकीची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्यालगतच्या पाण्यात लाट उठवत नाही, त्यामुळे पाणी सपाट राहतं आणि डॉल्फिनची पाठ दुरूनही दिसते. जमीन तापली की वारा फिरतो. साधारण 11-12 नंतर समुद्राकडून, बहुतेकदा वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो आणि दुपारी 2 पर्यंत पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात. त्या पाण्यात छोटी फायबर होडी पुढचं टोक आपटत चालते, मुलं भिजून कुडकुडतात आणि डॉल्फिन समोर असला तरी लाटेत हरवतो. 9 ते 5 घेतलंत तर चांगले दोन तास मिळतील आणि सहा तासांचं डिझेल जळेल.

त्यापेक्षा 7 ते 1 घ्या. 6.45 ला जेटीवर हजर राहायचं, जॅकेट घालून 7 ला निघायचं. नदीच्या मुखातून बाहेर पडून भोगव्याचा किनारा डाव्या हाताला ठेवत निवतीकडे जायचं. 9 पर्यंतचा वेळ डॉल्फिन आणि पक्ष्यांना द्या. सव्वानऊ ते सव्वादहा निवतीच्या भूशिराच्या दक्षिणेला, आडोशाच्या पाण्यात पहिलं पोहणं. 11 च्या सुमारास परत मुखात, वाळूच्या बेटावर तासभर. जेवायला साडेबाराला घरी. होडीत जेवणाचा घाट घालू नका. उकडलेली अंडी, केळी, दशम्या आणि माणशी दोन लिटर पाणी पुरे.

पक्ष्यांसाठी वेगळा थांबा लागत नाही. निवतीच्या कड्यालगत सावकाश जाताना वर बघत राहा : पांढरं पोट आणि रुंद, वर उचललेले पंख असलेला समुद्री गरुड, त्याच्याहून लहान, विटकरी रंगाची ब्राह्मणी घार. हिवाळ्यात कुरवांचे थवे पाण्यावर बसलेले असतात. त्यांना शेव-चिवडा घालू नका.

प्रश्न : फोनवर होडीवाल्याला 20 तारीख चालेल का विचारलं, तर तो म्हणाला, "तारीख नको, तिथी सांगा." चेष्टा करत होता का? (ठाणे)

नाही. असा होडीवाला मिळाला तर सोडू नका.

कोकणात भरतीचा साधा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. सप्तमी असेल तर 7 ची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास भरती. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, साडेअकराला. पौर्णिमा-अमावास्येला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन सहलीच्या वेळी पूर्ण भरती. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर छापील भरती-कोष्टक बघा. बेत ठरवायला हा अंदाज पुरतो.

आता याचा पोहण्याशी संबंध. वाळूचं बेट नदीच्या मुखात आहे. भरतीला वर चढलेलं सगळं पाणी ओहोटीला त्याच अरुंद तोंडातून बाहेर धावतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची चढउतार सर्वांत जास्त, म्हणून ओढही सर्वांत जास्त. त्या दिवशी दुपारी 1 ते 4 मध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते आणि तो पोहायला लागला की तोंड समुद्राकडे होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी आणि ओढ सौम्य.

त्यामुळे वर दिलेलं वेळापत्रक षष्ठी, सप्तमी, अष्टमी या तिथींना नेमकं बसतं : शुक्ल असो वा कृष्ण, ओहोटी पावणेअकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान येते. तुम्ही 11 ला बेटावर पोचता तेव्हा वाळू उघडी असते आणि पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. पाणी थांबण्याआधीचा अर्धा तास आणि चढायला लागल्यानंतरचा पाऊण तास, एवढाच तिथे पोहण्याचा काळ. पाणी चढताना चुकून वाहिलात तर निदान नदीत आत वाहाल. उतरताना समुद्रात जाल. पौर्णिमेलाच सुटी असेल तर बेटावर पोहणं वगळा आणि निवतीलाच दीड तास द्या.

प्रश्न : मागच्या वर्षी सहा-सात होड्या एका डॉल्फिनमागे धावत होत्या. आम्हाला फक्त एक पाठ दिसली. स्वतंत्र होडीत वेगळं काय करता येईल? त्यांच्यासोबत पाण्यात उतरता येतं का? (नाशिक)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. इथे किनाऱ्यालगत दिसतो तो कुबड असलेला डॉल्फिन. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, त्याला छळणं हा गुन्हा आहे. शिवाय तुम्ही उतरलात की तो निघून जातो.

आता पाठलागाबद्दल. हा डॉल्फिन टीव्हीवर दिसतो तशा उड्या क्वचितच मारतो. आधी लांब चोच तिरकी वर येते, मग डोकं, मग पाठीवरचं लांबट कुबड आणि त्यावरचा छोटा पर. श्वास सोडल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो, पाठ कमानीसारखी वळते आणि खोल बुडी असेल तरच शेपटी दिसते. एक-दोन मिनिटांत, कधी त्याहून उशिरा, तो पुन्हा वर येतो. होडी अंगावर गेली की बुड्या लांबतात, दिशा बदलते, पिल्लू असेल तर आई त्याला घेऊन खोल पाण्याकडे वळते. म्हणजे जितकं धावाल तितकं कमी दिसेल. सहा होड्या धावल्या, तर पाठच दिसणार.

निघण्यापूर्वी तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, हे ठरवा : डॉल्फिन दिसला की वेग चालण्याइतका, त्याच्या बाजूने समांतर जायचं, वाट अडवायची नाही, मागून घुसायचं नाही. 50 मीटरच्या आत आपण जायचं नाही; पिल्लू असेल तर 100. मग इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प बसायचं. तो स्वतःहून जवळ आला तर येऊ द्यायचा, पण तेव्हा इंजिनाला झटका द्यायचा नाही. आधीच दोन होड्या असतील तर आपण लांब थांबायचं. 15-20 मिनिटांनी निघायचं. "डॉल्फिन दिसला नाही तरी पैसे पूर्ण देऊ" हे वाक्य आधीच बोला. बहुतेक पाठलाग गिऱ्हाईक नाराज होईल या धास्तीने होतो. तेवढं बोललात की होडी आपोआप शांत चालते.

दिसायचे कुठे? निवतीच्या परिसरात आणि नदीमुखाबाहेर, जिथे गढूळ आणि निळ्या पाण्याची रेघ दिसते तिथे. मासे तिथे जमतात. रेघेच्या कडेने नजर फिरवा. एकाच जागी टक लावून डोळे दुखतील.

प्रश्न : होडीतून पाण्यात उतरायची भीती वाटते. पत्नीला पोहता येत नाही, मुलगा 6 वर्षांचा आहे. काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

भीती योग्य ठिकाणी आहे, फक्त लोक खोलीला घाबरतात आणि इंजिनाच्या पंख्याला विसरतात. इंजिन न्यूट्रलला असणं पुरेसं नाही; लिव्हरला धक्का लागला की पंखा फिरतो. पूर्ण बंद झालं, किल्ली तांडेलाच्या हातात आली, की मगच पहिला माणूस उतरेल. शेवटचा माणूस वर येऊन डोकी मोजेपर्यंत ते सुरू होणार नाही.

नांगर वाळूत पडायला हवा, खडकात किंवा प्रवाळात नाही. दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा, तीन मीटर पाण्यात 15 मीटर. वारा असेल तर 20. दोर आखूड असला की नांगर उभा ओढला जातो आणि घसरतो. पोहणारे पाण्यात आणि होडी हळूच सरकतेय, हा नेहमीचा घोटाळा असाच होतो. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्यामागचा कडा एका रेषेत धरून पाच मिनिटं बघा. रेष तुटली नाही तर नांगर बसला.

मग मागे 20 मीटरचा तरंगता दोर सोडा, टोकाला रिकामा, घट्ट बूच लावलेला कॅन बांधा. प्रवाह त्याला ज्या बाजूला ताणतो, ती परतीची अवघड बाजू. म्हणून पोहायला सुरुवात नेहमी प्रवाहाविरुद्ध, होडीच्या पुढच्या अंगाला करा. दमलात की पाणीच होडीकडे आणेल. शिडी आहे का ते होडी ठरवतानाच विचारा. फायबरच्या काठावरून ओल्या अंगाने वर चढणं तरुण माणसालाही जमत नाही, आणि दोघांनी दंड धरून ओढलं की खांदा निखळतो.

मुलाचं जॅकेट घरूनच आणलेलं बरं. आतल्या पट्टीवर वजनाचा आकडा असतो, तो मुलाच्या वजनाशी जुळवा. घालून सगळी बक्कलं लावा आणि खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. पत्नीने जॅकेटसह, दोराला धरून, होडीच्या सावलीत उतरावं. पहिली पाच मिनिटं फक्त तरंगावं. आणि पाण्यात कुणी असताना एक मोठा माणूस कोरडा, होडीत, मोबाइल खिशात ठेवून फक्त डोकी मोजत बसेल. हे काम आळीपाळीने करा, तांडेलावर टाकू नका.

प्रश्न : मळमळीवर काय? (सोलापूर)

रिकाम्या पोटी निघू नका, वडा-सांबार हाणूनही नको. कोरडी भाकरी किंवा टोस्ट खा. मधल्या-मागच्या भागात बसा, पण इंजिनाच्या धुरात नको. क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नाही. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगाची नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घेतलेल्याने खोल पाण्यात उतरू नये. मुलं, गरोदर बायका आणि काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

प्रश्न : पाण्यात काय चावतं? (मुंबई)

चावत जवळजवळ काहीच नाही. टोचतं, कापतं, पोळतं. वाळूच्या बेटाभोवती उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, पुरून बसलेले असतात. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाला, पाकट आधीच निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, पाय अर्धा ते दीड तास बुडवा. दुसऱ्या पायाने तापमान तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. काटा आत राहिला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर काढत बसू नका, दवाखाना गाठा. खडकांवर कालवं ब्लेडसारखी असतात, म्हणून जुने कापडी बूट घाला. जेलीफिशने पोळलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नको, चोळणं त्याहून नको. धागे चिमट्याने काढा आणि मग गरम पाण्याने शेका. यासाठी मोठा थर्मास भरून घ्या. उरलं तर चहा होतो.

प्रश्न : त्याच दिवशी वेंगुर्ला रॉक आणि आंग्रिया बँक करता येईल का? (पणजी)

आंग्रिया बँक विसरा. ती किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, पाण्याखाली आहे. माथाच सुमारे 20 मीटर खोल. वेंगुर्ल्याचे खडक निवतीसमोर खुल्या समुद्रात आहेत, दीपगृह लांबून दिसतं. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. त्यांची लाळेची घरटी चोरीला जात, म्हणून त्यांचं रक्षण करावं लागतं. मुलांसह छोट्या होडीने तिकडे जाण्याचा आग्रह धरू नका, आणि गेलात तरी खडकावर उतरू नका.

प्रश्न : ठरवताना फसगत कशी टाळावी? (सांगली)

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मेसेजवर लिहून घ्या : किती तास, तास जेटीपासून मोजायचे की मुखाबाहेरून, डिझेल धरून का, थांबे कोणते, पाण्याखाली बघायचे मुखवटे-नळ्या (स्नॉर्केल) आणि शिडी आहे का, हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी तारीख. होडीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि विमा आहे का, आणि परवान्यावरची प्रवासी संख्या किती ते बघा. तुम्ही अकरा असाल आणि परवाना दहाचा असेल तर "लहान मूल मोजत नाहीत" हे ऐकू नका. मूलही जागा घेतं आणि त्यालाही जॅकेट लागतं. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. मेअखेर ते ऑगस्टअखेर कुणी "नेतो की" म्हणालं, तर त्या माणसाकडून नंतरही होडी घेऊ नका.