तीन पिकाचू की तीन पिकाचूज?

तुम्ही विचारलंय की गेमवर मराठीत लिहिताना पोकेमॉनमधला पिकाचू, माइनक्राफ्टमधला क्रीपर, मारिओमधला गूम्बा अशा मनाने बनवलेल्या प्राण्यांचं अनेकवचन कसं करायचं, आणि इंग्रजीसारखा मागे ‘ज’ किंवा ‘स’ लावायचा का. माझं उत्तर: लावू नका. आधी तो, ती की ते एवढं ठरवा, अनेकवचन त्याच्या मागोमाग येतं.

इंग्रजीत खेळणारे काय करतात ते आधी सांगतो. ते बहुतेक वेळा गेममध्ये कंपनीने काय लिहिलंय ते बघतात. पोकेमॉन एक असो की शंभर, शब्द तोच. पिकाचूही तसाच, पिकमिन गेममधला पिकमिनही तसाच. जपानी भाषेत नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावावाच लागत नाही, म्हणून हे असं, असं बरेच जण सांगतात. पण मग फायनल फँटसी गेममधला चोकोबो हा पक्षीही जपानीच आहे आणि इंग्रजीत त्याला खुशाल ‘स’ लागतो. मेट्रॉइड गेममधल्या मेट्रॉइड या जिवालाही लागतो. तेव्हा मूळ भाषेवरून नियम निघत नाही, ज्याने त्या गेमचं इंग्रजी केलं त्याच्या कानावरून निघतो. माइनक्राफ्टमधल्या एंडरमनचं एंडरमेन झालं ते तर शेवटी ‘मन’, म्हणजे इंग्रजीतला ‘मॅन’, आहे एवढ्यावरच. १९९८ च्या स्टारक्राफ्ट या गेममध्ये अख्ख्या जमातीला झर्ग म्हणतात, त्याला ‘स’ नाही. पण त्यातल्या एकेका झर्गलिंगला आहे.

ही झर्गची रीत आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. २०१७ साली विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बोंडाबोंडात अळ्या होत्या, पण गावात ‘अळ्या आल्या’ असं कोणी म्हणालं नाही. ‘अळी आली’ म्हणाले. मावा पडला, तुडतुडा आला. थव्याने येणाऱ्या जिवाला मराठी एकवचनात बोलावते, आणि वेचून हातावर घेतला की मोजते: बोंडात दोन अळ्या सापडल्या. म्हणून मीही ‘झर्ग आला’ लिहितो आणि ‘दहा झर्गलिंग मारले’ लिहितो.

आता लिंगाचं. गेल्या दिवाळीत ताई पोरांना घेऊन आली होती. ओसरीत एक मोबाइल, त्यावर माइनक्राफ्ट, भोवती चार पोट्टे आणि सहा वर्षांची भाची. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. गेममध्ये रात्र झाली तसा भाचा ओरडला, “पय ना बे, दोन झोंबी आले!” भाची म्हणे, “झोंब्या आल्या!” झालं, तिथंच भांडण जुंपलं. मी दोघांनाही बरोबर ठरवलं, आणि ते मन राखायला नाही. भाच्याच्या डोक्यात तो झोंबी होता, म्हणजे हत्ती, पक्षी यांच्या रांगेतला. ते बदलत नाहीत. भाचीच्या डोक्यात ती झोंबी होती. मग काठीच्या काठ्या तशा झोंबीच्या झोंब्या. व्याकरण दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात आजीने चष्म्यातून स्क्रीनवरचा क्रीपर पाहिला आणि विचारलं, “हे हिरवी भुतं कितीक हायेत बाप्पा?” तिने ते नपुंसकलिंगी करून टाकलं आणि अनेकवचनही दिलं.

हीच कसोटी पिकाचूला लावून बघा. तो पिकाचू म्हटलं तर लाडूसारखं: तीन लाडू, तीन पिकाचू. ती म्हटलं तर सासूच्या सासवा, जळूच्या जळवा, तशा पिकाचवा. ते म्हटलं तर वासरूचं वासरं, म्हणून पिकाचं. पण हे शेवटचं आमच्या भागात चालणारच नाही. इथे ‘पिकाचं’ म्हटलं की पुढे ‘नुकसान’ हाच शब्द ऐकू येतो. मी ‘तो’ धरतो. त्याने कंपनीचाही नियम पाळला जातो आणि मराठीचाही. गूम्बा आकारान्त आणि पुल्लिंगी, म्हणून घोड्याचे घोडे तसे गूम्बे. माझ्या कानाला ते अस्सल वाटतं.

‘पण शब्द बदलला नाही तर एक की अनेक हे कळणार कसं?’ अशी शंका येईल. क्रियापद सांगतं: क्रीपर आला, क्रीपर आले. आणि विभक्ती लागली की अनुस्वार सांगतो: पिकाचूला, पिकाचूंना, एंडरमनच्या, एंडरमनांच्या. मराठीचं अनेकवचन बरंचसं तिथंच राहतं, त्यामुळे उसना ‘ज’ लागत नाही.

उसन्या अनेकवचनाचा तोटाही बघा. आपण ‘शूज’ उचलला आणि आज दुकानात ‘एक शूज दाखवा’ म्हणतो. एंडरमेन लिहायला लागलात की वर्षभरात कोणीतरी ‘एक एंडरमेन आला’ लिहील, आणि मग पाचांना काय म्हणायचं? एंडरमन एक, एंडरमन पाच, एंडरमनांच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. बस.

चोकोबोचं मात्र माझं अजून ठरत नाही. फोटोसारखा धरला तर चोकोबो चोकोबोच राहतो. पण बायकोच्या बायका होतात, त्या चालीवर ‘ती’ धरली तर चोकोबा होतात, आणि पाठीवर बसवून नेणाऱ्या त्या पिवळ्या पक्ष्याला ‘ती’ म्हणावंसं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडची खेळणारी पोरं ‘चोकोबो आला’ म्हणतात की ‘आली’, ते ऐकून कळवा.